तांबड्या पुरळाचा इतिहास

तापाने फणफणलेल्या लहान मुलाच्या अंगावर एखाद्या सकाळी बारीक तांबडे ठिपके दिसू लागले, म्हणजे घरातील वडीलधारी बाई त्याला दारातील उजेडात घेऊन बसे, अंगडे वर करून पोट, पाठ, कानांच्या मागची कातडी आणि तळहात निरखून पाही, ताप कोणत्या दिवशी भरला आणि ठिपके कोणत्या दिवशी उमटले ते मुलाच्या आईला विचारी, आणि मगच आपला निर्णय सांगे. त्या निर्णयावर पुष्कळ काही अवलंबून असे. घामोळे असेल तर चंदनाचा लेप किंवा मुलतानी माती लावून काम भागे. गांधी उठल्या असतील तर कोकमाचे आगळ अंगाला चोळले जाई. आणि तिसरेच काही असेल तर दाराला कडुलिंबाची डहाळी लागे, सोयरेधायरे उंबऱ्याबाहेर थांबत, आणि पुढचे पंधरा-वीस दिवस त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. वैद्यकाचे इतिहास ग्रंथकारांची, शोधकांची आणि सरकारी खात्यांची नावे आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्वचेवरील एका ठिपक्याची अनेक कारणे वेगळी ओळखण्याची जी विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचा मोठा भाग या निनावी स्त्रियांनी सांभाळला, आणि त्यांचे हे ऋण मान्य केल्यावाचून या विषयाचा इतिहास लिहू नये, असे मला वाटते.

कारणे थोडीथोडकी नव्हती. चैत्र-वैशाखात घर्मग्रंथींची तोंडे मिटून मानेवर, पाठीवर आणि काखेत उठणारे घामोळे हे सर्वांत साधे. अन्नातील एखादा पदार्थ किंवा अंगाला लागलेली वनस्पती न मानवल्याने उठणाऱ्या गांधी त्याहून त्रासदायक, पण काही तासांत विरून जाणाऱ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर बिब्बा उतण्याचे प्रकार होत, आणि त्याचे चट्टे कित्येक दिवस टिकत. ढेकूण, पिसवा आणि डास यांचे दंश तर घरोघर. खरजेचे पुरळ बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर येई, आणि रात्री अधिक खाजे, यावरून ते ओळखू येई. या कशाचेही भय कोणी बाळगीत नसे. भय होते ते तीन पाहुण्यांचे, देवी, गोवर आणि कांजिण्या यांचे. आणि पहिल्या दिवशी हे तिन्ही पाहुणे पुष्कळसे सारखेच दिसत.

येथेच अनुभवी डोळ्याची कसोटी लागे. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. मग कानांच्या मागून आणि कपाळाच्या कडेने पुरळ निघून ते चेहरा, छाती, पोट असे खाली उतरत जाई. कांजिण्यांचे पुरळ प्रथम पोटा-पाठीवर, आणि तेही एका वेळी सगळे न येता लाटालाटांनी. त्यामुळे एकाच अंगावर कोठे नुसता तांबडा ठिपका, कोठे पाण्याचा फोड, तर कोठे वाळलेली खपली अशा तिन्ही अवस्था शेजारी शेजारी दिसत. देवीत मात्र दोन-तीन दिवसांच्या दारुण तापानंतर आणि कंबरदुखीनंतर चेहरा, हात आणि पाय यांवर पुरळ दाट, धडावर विरळ, आणि सगळे फोड एकाच अवस्थेत पुढे सरकणारे. हाताला ते कातडीत खोल रुतलेल्या कठीण दाण्यांसारखे लागत, आणि तळहात-तळपायही सुटत नसत. आजच्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत देवी आणि कांजिण्या यांच्यातील भेद सांगताना हीच लक्षणे दिलेली असतात. घरातील बायकांनी ती कोणत्याही पुस्तकावाचून, स्वतःची मुले आणि भावंडे यांच्या अंगावर पाहून जाणली होती, आणि त्या ज्ञानाची किंमत त्यांनी जी मोजली होती तिचा विचार मनात आला की मन व्यथित होते.

शास्त्रकारांचे लक्ष या विषयाकडे उशिराने पण बारकाईने गेले. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत मसूरिकेचा, म्हणजे देवीचा, उल्लेख आहे, पण तो ओझरता; सुश्रुताने तर तिची गणना क्षुद्ररोगांत केली. माधवकराच्या निदानग्रंथात मात्र, म्हणजे इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास, मसूरिकेला स्वतंत्र प्रकरण लाभले. मसुराच्या डाळीएवढ्या पिटिकांचे दोषांनुसार प्रकार, साध्यासाध्यविचार, आणि त्यांच्याच जोडीने रोमकूपांएवढ्या सूक्ष्म, तांबूस, ज्वरपूर्वक उठणाऱ्या रोमांतिकेचे वर्णन तेथे आढळते. ही रोमांतिका म्हणजे आपला गोवर, असे बहुतेक टीकाकार मानतात. क्षुद्ररोगांच्या यादीत पडून असलेल्या व्याधीला पुढे स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले, त्या अर्थी मधल्या काळात तिचे स्वरूप किंवा प्रसार अधिक उग्र झाला असावा, हे अनुमान मला ग्राह्य वाटते. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात शीतला या देवतेचेच नाव रोगाला देऊन तिचे प्रकार सांगितले, आणि उपचारांच्या जोडीला शीतलेच्या स्तोत्रालाही स्थान दिले. वैद्य आणि देऊळ यांची सरहद्द त्या काळी किती पुसट होती, याचे हे उत्तम निदर्शक होय.

इतर देशांतही ही उकल सावकाशच झाली. इराणी वैद्य अल्‌राझी याने दहाव्या शतकाच्या आरंभी देवी आणि गोवर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून दोहोंची लक्षणे समोरासमोर मांडली. कांजिण्या हा निराळाच रोग आहे, देवीचा सौम्य प्रकार नव्हे, हे इंग्लंडात हेबर्डेन याने नीट प्रतिपादन केले ते 1767 साली. म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे गादीवर होते तेव्हा.

देवीपुढे माणूस निरुपाय होता, आणि निरुपायाला आधार हवा असतो. गर्दभावर बसलेली, हाती केरसुणी आणि कलश, मस्तकी सूप धारण करणारी शीतला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी प्रतिष्ठित झाली. मुंबईत माहीमला, पालघर जिल्ह्यात केळव्याला, अलिबागजवळ चौलला तिची देवळे आजही नांदती आहेत, आणि शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाण्याचा प्रघात अनेक घरांतून पाळला जातो. देवी आलेले मूल म्हणजे प्रत्यक्ष देवीचे अधिष्ठान, अशी भावना असल्यामुळे त्याला कोणी रागे भरत नसे, त्याच्या जवळ फोडणीचा धूर होऊ देत नसत, दहीभात, ताक असे शीतल पदार्थ देत, कडुलिंबाच्या पाल्याने वारा घालीत आणि खपल्या धरल्यावर त्याच पाल्याच्या पाण्याने अंघोळ घालून देवीची ओटी भरीत. या आचारांना सरसकट अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणाऱ्यांशी माझे मत जुळत नाही. कडुलिंबाची डहाळी म्हणजे रोग्याच्या घरावर लावलेली पाटीच होती. तिच्यामुळे परक्यांची ये-जा थांबे, रोग्याला स्वच्छ अंथरूण, शांतता आणि शुश्रूषा मिळे, आणि ज्या रोगावर जगात कोणाकडेही औषध नव्हते त्यात याहून अधिक काही करण्यासारखे नव्हतेच. दोष होता तो दुसरीकडे. देवीच्या कोपाच्या भीतीने औषधोपचार वर्ज्य ठरले, आणि पुढे प्रतिबंधाचा खरा उपाय दाराशी आला तेव्हा हीच श्रद्धा कित्येक घरांत आडवी आली. ज्यांना रोग झाला त्यांतील दहांपैकी तिघे दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यभराचे वण राहत, कित्येकांचे डोळे जात, आणि मुलीच्या बाबतीत तर तोंडावरचे वण हे तिच्या लग्नाच्या वाटाघाटीतील एक कलम होऊन बसे.

तो उपाय आला 1802 साली, आणि तो आला मुंबई बंदरात. एडवर्ड जेनर याने 1796 मध्ये गोस्तनातील फोडांच्या लसीने देवीपासून संरक्षण मिळते हे दाखवून 1798 मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला होता. परंतु ती लस हिंदुस्थानात जिवंत पोहोचवणे हे मोठे अवघड काम होऊन बसले. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला कित्येक महिने लागत, आणि एवढ्या अवधीत उष्णतेने लस निकामी होई. शेवटी व्हिएन्ना येथील डॉक्टर द कारो याने सुताचे धागे लसीत भिजवून, काचांच्या मध्ये बंद करून, वरून मेण ओतून ते खुष्कीच्या मार्गाने इस्तंबूलवरून बगदादला रवाना केले. 1802 च्या वसंतात बगदादमध्ये ती लस लागू पडली; तेथून बसरा, आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई, अशी तिची मजल दरमजल रवानगी झाली. वाटेत ती एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशीच जिवंत ठेवावी लागे, कारण आठव्या दिवसाच्या सुमारास फोड भरला की त्यातील पाणी ताजे असतानाच पुढच्याला टोचणे भाग होते.

14 जून 1802 रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ही लस टोचण्यात आली आणि ती लागली. हिंदुस्थानात यशस्वी रीतीने देवी काढलेले हे पहिले मूल. त्या वेळी आणखीही मुलांना टोचले होते, पण फोड उठला तो एवढ्या एकीलाच. म्हणजे पुढील काळात या देशात कोट्यवधी दंडांवर जी लस गेली तिचा प्रवाह काही दिवस केवळ या एका बालिकेच्या कातडीतील एका तांबड्या फोडावर अवलंबून होता. त्या फोडातून पाच मुलांना लस देण्यात आली, आणि मुंबईतून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशा ठिकाणी पोहोचती झाली. मुंबईचे डॉक्टर जॉर्ज कीर यांनी या सर्व घडामोडींचा वृत्तान्त 1803 साली मुंबईतच छापून प्रसिद्ध केला. लस आली त्याच वर्षी, म्हणजे 1802 च्या ऑक्टोबरात, हडपसरच्या मैदानावर होळकरांनी पेशव्यांचा पराभव केला आणि डिसेंबरअखेर वसईचा तह झाला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून या लढाईला आणि तहाला जेवढी पाने मिळतात, त्यांच्या शंभराव्या हिश्शाइतकीही जागा जून महिन्यातील त्या घटनेला मिळत नाही, याची मला खंत वाटते.

पेशवाईनंतर इंग्रजी अंमल स्थिर झाला आणि 1827 च्या सुमारास, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, मुंबई इलाख्यात देवी काढण्याच्या कामाची शिस्तशीर बसवणूक झाली. इलाख्याचे विभाग पाडून प्रत्येकावर एक युरोपियन सुपरिंटेंडेंट, आणि त्याच्या हाताखाली गावोगाव फिरणारे देशी टोचणारे, अशी ही व्यवस्था होती; माणसांनी शहरातील दवाखान्यात यावे अशी वाट न पाहता खात्याने रयतेच्या दारी जावे, हे तिचे मर्म, आणि पुढे इतर प्रांतांनी हाच मुंबईचा कित्ता गिरवला. टोचणाऱ्याचे काम सुखाचे नव्हते. उन्हातान्हात, ओढेनाले ओलांडून तो गावी पोहोचे, पाटील-कुलकर्ण्यांना मामलेदाराचा हुकूम दाखवी, चावडीपुढे मुले जमवण्याविषयी गयावया करी. आणि आया मुलांना कोठीत लपवीत, किंवा लेकरांना घेऊन शेताची वाट धरीत. त्यांचे सर्वच आक्षेप अज्ञानमूलक होते असे म्हणता येणार नाही. दंडावरून दंडावर लस द्यायची म्हणजे आठवड्यापूर्वी टोचलेल्या मुलाला पुढच्या गावी न्यावे लागे, त्याचा फोड पुन्हा उकरावा लागे, आणि त्याच्या आईला ते असह्य होई. शिवाय एकाचा दुसरा रोग दुसऱ्याला जडण्याचा धोका खरा होता. यांत जातीच्या सोवळ्याची भर पडे, आणि परक्या जातीच्या मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाऊ देण्यास पुष्कळ जण नाखूश असत.

या अडचणीतून मार्ग काढण्यात आपल्याच मंडळींचा हात होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली जी पहिली पदवीधर तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग यांच्या बरोबरीने अनंत चंद्रोबा दुखले हेही होते. भाऊ दाजींचे नाव प्राच्यविद्येमुळे आणि आत्मारामपंतांचे प्रार्थनासमाजामुळे सर्वांच्या तोंडी राहिले, आणि लसीकरणाच्या खात्यात आयुष्य वेचणाऱ्या दुखल्यांचे नाव मात्र विस्मृतीत गेले. वासरांच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत मुंबईत रुजली ती त्यांच्याच काळात. वासरावरील लस आल्याने दंडावरून दंडावर टोचण्याची गरज हळूहळू संपली, आणि पुढे बेळगावच्या लस डेपोतून ती इलाखाभर जाऊ लागली. मुंबई शहरात 1877 च्या कायद्याने तान्ह्या मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. 1880 च्या कायद्याने इतर नगरपालिकांना आणि छावण्यांना तशी मुभा मिळाली.

याच शतकाच्या अखेरीस, देवीशी काही संबंध नसलेल्या एका लहानशा फोडाने मुंबईत मोठा शोध लावून दिला. 1896 मध्ये मांडवीच्या वखारींतून प्लेग पसरू लागला तेव्हा तो हवेतून येतो, जमिनीतून येतो, की धान्यातून येतो, यांविषयी नाना तर्क चालले होते. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ 1897 मध्ये मुंबईस आला असता काही रोग्यांच्या अंगावर, गाठ येण्यापूर्वी, एक बारीक पाण्याचा फोड त्याच्या नजरेस पडला, आणि त्यातील पाण्यात प्लेगचे जंतू आढळले. अशी जागा कीटकाच्या दंशाचीच असली पाहिजे, असा तर्क करून त्याने पुढील वर्षी कराचीत उंदरांवर प्रयोग केले आणि पिसवांमार्फत रोग पसरतो हे दाखवून दिले. तज्ज्ञांनी त्याच्यावर प्रथम विश्वास ठेवला नाही. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन मंडळाने काही वर्षांनी केलेल्या कामानेच त्याला पुष्टी मिळाली. पिसवेच्या दंशाकडे ज्या देशात कोणी वळूनही पाहत नसे, तेथे एका परक्या माणसाने तो थांबून पाहिला.

विसाव्या शतकातील कथा बऱ्याच जणांच्या आठवणीतील असल्याने ती थोडक्यात सांगतो. स्वतंत्र भारताने 1962 मध्ये देवी-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि 1967 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेने त्याला वेग आला. टोकाशी दुभंगलेल्या सुईने दंडावर पंधरा बारीक टोचे मारायचे, ही नवी रीत इतकी सोपी होती की अल्पशिक्षित कार्यकर्ताही ती एका दिवसात शिके. परंतु सगळ्यांना टोचत सुटण्यापेक्षा रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या सर्वांना टोचावे, हा जो मार्ग पुढे अवलंबिला गेला त्यात खरे काम परत डोळ्यांनीच केले. कार्यकर्ते देवीच्या रोग्याचे रंगीत चित्र हाती घेऊन बाजारात, शाळांत आणि घरोघर हिंडत, आणि असे पुरळ कोठे पाहिले काय म्हणून विचारीत. खबर देणाऱ्यास बक्षीस असे, आणि शेवटी ते एक हजार रुपयांपर्यंत चढवण्यात आले. 1974 साली बिहारात देवीने शेवटचा भीषण उच्छाद मांडला. 1975 च्या मे महिन्यात देशातील अखेरचा रोगी नोंदला गेला, आणि 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य सभेने पृथ्वीवरून देवी नाहीशी झाल्याची घोषणा केली.

देवी गेल्या तरी तांबडे ठिपके गेले नाहीत, आणि ते ओळखण्याची गरजही गेली नाही. 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, आणि ज्वराबरोबर येणाऱ्या पुरळाची कारणे रक्तातून शोधण्याची सोय प्रथमच हाताशी आली. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस चिकुनगुन्याची साथ आली. ताप, सांध्यांचा असह्य ठणका आणि अंगावर पुरळ, असे तिचे रूप होते. ती ओसरल्यावर हा रोग तीस वर्षांहून अधिक काळ देशात जणू निद्रिस्त राहिला आणि 2005-06 मध्ये पुन्हा उसळला. डेंग्यूत आणखी एक भेद महत्त्वाचा ठरला. काचेचा पेला ठिपक्यावर दाबून पाहावा; तांबडेपणा क्षणभर नाहीसा झाला तर तो रक्तवाहिन्या फुगल्यामुळे आलेला, आणि दाबूनही तसाच राहिला तर कातडीखाली रक्त झिरपले आहे असे समजावे. अशा वेळी रक्तातील बिंबाणू घटलेले असू शकतात, किंवा मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतूंचा प्रादुर्भाव झालेला असू शकतो. आणि मग घरगुती उपायात वेळ न दवडता रोग्याला इस्पितळात नेणे हेच कर्तव्य होय.

गोवर तर आजही आपल्यात आहे, आणि तो साधा आहे ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. गोवर पूर्ण बाहेर पडला पाहिजे, तो आत जिरता कामा नये, म्हणून मुलाला औषध न देता उबेत ठेवण्याची चाल कित्येक घरांत टिकून आहे. वस्तुतः जीव जातो तो पुरळाने नव्हे, त्यामागून येणाऱ्या फुफ्फुसाच्या दाहाने आणि हगवणीने, आणि कुपोषित मुलांचे डोळेही त्यात जातात. गोवराची लस 1985 पासून सार्वत्रिक लसीकरणात आली, दुसरी मात्रा 2010 नंतर देण्यात येऊ लागली, आणि महाराष्ट्रात 2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. इतके होऊनही 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडी भागात साथ पसरली आणि बालके दगावली; टाळेबंदीच्या काळात ज्यांची लस चुकली होती, अशी मुले तेथे मोठ्या संख्येने होती. नववा महिना पुरा झाल्यावर पहिली मात्रा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, असा सध्याचा क्रम आहे, आणि सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य दिली जाते.